माथा १५ मीटर दूर राहिला, तर पत्रकात काय लिहायचे?

प्रश्न असा आहे. एका संस्थेचा संघ हिमालयात सहा हजार मीटरवरच्या एका शिखरावर गेला. माथ्यावर हिमाचा छज्जा, म्हणजे कॉर्निस, लटकत होता. त्यामुळे चौघे सर्वोच्च बिंदूच्या अंदाजे १५ मीटर अलीकडे थांबून परतले. प्रसिद्धिपत्रकात 'शिखर सर' असे लिहावे का? आणि याच शिखरावरचा दुसऱ्या संस्थेचा दोन वर्षांपूर्वीचा दावा फोटो पाहता पटत नाही, तर तो जाहीरपणे उकरावा का?

'सर' लिहू नका. जिथे पोहोचलात ते मीटरमध्ये लिहा. दुसऱ्या संस्थेला आधी खासगीत विचारा, उत्तरासाठी वेळ द्या, आणि जाहीर बोलायची वेळ आलीच तर दाव्याबद्दल बोला, माणसांबद्दल नको.

आधी तुमचे पत्रक. मजकूर साधारण असा असावा: 'अमुक तारखेला दुपारी १२.४० वाजता चार सदस्य वायव्य धारेने माथ्याजवळ पोहोचले. कॉर्निस अस्थिर असल्याने सर्वोच्च बिंदूच्या अंदाजे १५ मीटर अलीकडे आणि ३ ते ४ मीटर खाली थांबून ते परतले.' एवढे पुरे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड कांचनजंगाच्या माथ्याखाली काही फुटांवर मुद्दाम थांबले, कारण सिक्कीमच्या राजाला माथ्यावर पाऊल न ठेवण्याचा शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीथर यांनीही तेच केले. ते चढाईचे पहिले मानकरी आहेत याबद्दल कोणी वाद घालत नाही, कारण कुठे थांबलो हे त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितले. आडवे १५ मीटर राहिले म्हणून चढाई कमी होत नाही. ते लपवले आणि पुढच्या संघाच्या फोटोत उघडे पडले, तर मात्र तुमच्या संस्थेच्या आधीच्या सगळ्या मोहिमांवर प्रश्न उभे राहतात.

उलट टोकाचे उदाहरण चेरो तोरेचे. सेझारे मायेस्त्री १९७० मध्ये पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर घेऊन पॅटागोनियातल्या या सुळक्यावर गेले, शेकडो बोल्ट ठोकत खडकाच्या शेवटापर्यंत पोहोचले, पण वरच्या हिमाच्या टोपावर चढले नाहीत. तो टोप डोंगराचा भागच नाही, एक दिवस उडून जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. गिर्यारोहकांनी तो मानला नाही. १९७४ मध्ये लेक्को गावच्या इटालियन संघाने टोपासकट माथा गाठला आणि आज तीच पहिली निर्विवाद चढाई मानली जाते. बर्फाचा असला तरी माथा हा माथाच. तुमच्या कॉर्निसलाही हाच नियम लागू.

पुन्हा जायचे असेल तर कॉर्निसची पद्धत ठरवून जा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कडा दिसतो तिथे धोका सुरू होतो असे समजणे. तुटण्याची रेषा कड्याच्या बरीच आत, धारेच्या घट्ट भागाजवळ असते. म्हणून धार दुरून, बाजूने दिसते तेव्हाच छज्जा कोणत्या अंगाला किती बाहेर आला आहे याचा फोटो घ्या. माथ्यावर उभे राहून ते कळत नाही. घट्ट बर्फात स्नो स्टेक (धातूची लांब मेख) किंवा डेडमॅन (धातूची पट्टी) पुरून अँकर, म्हणजे दोराचा आधार, करा आणि एकाच माणसाला बिलेवर, म्हणजे मागच्याने धरलेल्या दोरावर, पुढे सोडा. त्याने प्रत्येक पावलाला प्रोब, म्हणजे बर्फ तपासायची लांब काठी, किंवा आइस ॲक्सचा दांडा खोल घालून पाहावे. दांडा पोकळीत गेला की तिथून मागे. बाकीच्यांनी घोळका करून फोटो काढायला पुढे सरकायचे नाही. कॉर्निसवर चौघांचे वजन एकाच वेळी देण्याइतकी महाग हौस दुसरी नाही.

माथा नेमका कोणता, हेसुद्धा वाटते तितके सोपे नाही. नेपाळमधले मनास्लू ८,१६३ मीटर उंच आहे. तिथे वर्षानुवर्षे बहुतेक संघ धारेवरच्या अलीकडच्या टेकाडावर पताका लावून परतत होते, कारण पुढची धार अरुंद आणि कॉर्निसची. सप्टेंबर २०२१ मध्ये मिंग्मा जी यांचा संघ थोडा खाली उतरून, आडवे जाऊन खऱ्या माथ्यावर पोहोचला आणि जॅक्सन ग्रोव्ह्स यांनी ड्रोनने काढलेल्या फोटोत दोन्ही जागा एकदम दिसल्या. नेपाळमधल्या चढायांची नोंद ठेवणाऱ्या हिमालयन डेटाबेसने २०२२ पासून खऱ्या माथ्यावर पोहोचलेल्यांनाच 'समिट' आणि अलीकडे थांबलेल्यांना 'फोरसमिट' अशी नोंद द्यायला सुरुवात केली. शिशापांग्माचे मधले शिखर ८,००८ मीटर आणि मुख्य शिखर ८,०२७ मीटर. मधे धारदार कडा असल्याने बरेच जण मधल्यावरच थांबतात. चो ओयूचा माथा म्हणजे रुंद पठार. त्याच्या पलीकडच्या टोकाला गेल्याशिवाय एव्हरेस्ट नीट दिसत नाही, म्हणून 'एव्हरेस्ट दिसले का?' हा तिथला जुना प्रश्न. धौलागिरीच्या धारेवर रोवलेला धातूचा खांब माथा समजून कित्येक जण तिथूनच परतले. पताका आणि खांब म्हणजे माथा नव्हे. आधी आलेला माणूस कुठे थकला, एवढेच त्यातून कळते.

सहा हजारी शिखरांवर अडचण वेगळी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५० हजारी नकाशावर डोंगराळ भागात समोच्च रेषा ४० मीटर अंतराने असतात. दोन टेकाडांतला १० मीटरचा फरक त्यावर दिसणारच नाही. सोपा उपाय बाटलीचा. पारदर्शक बाटली अर्धी भरा, डोळ्यासमोर धरा, पाण्याची पुढची आणि मागची कड एका रेषेत आणा आणि त्या रेषेतून समोरचे टेकाड पाहा. रेषेच्या वर दिसले तर ते तुमच्या डोळ्यापेक्षा उंच. बाटली ८ सेंटिमीटर रुंद असेल आणि रेषा १ मिलिमीटरने चुकली, तर १०० मीटरवर सव्वा मीटरची चूक होते. शिवाय तुमच्या डोळ्याची उंची दीड मीटर, ती हिशेबात धरा. समोरचे टेकाड रेषेच्या जवळपासच असेल तर वाद घालत बसू नका, दोन्हीवर जा. पाणी थर्मासमधले कोमट घ्या. गोठलेल्या बाटलीने कोणालाच काही दिसत नाही.

आता पुरावा. आधी कळस मग पाया असा प्रकार इथे नेहमीचा आहे: दावा बेस कॅम्पवरून फोनने जातो, पुरावा गोळा व्हायला लागतो शंका आल्यावर. माथ्यावर पोहोचल्यावर बॅनर काढण्याआधी, माणसे वगळून, एकमेकांवर थोडे चढणारे आठ फोटो फिरत घ्या. आजूबाजूची शिखरे, दऱ्या, हिमनद्या सगळे त्यात आले पाहिजे. मग तुम्ही आलात ती पावले दाखवणारा एक, पलीकडचा उतार दाखवणारा एक. नंतर प्रत्येकाचा फोटो, गॉगल आणि मास्क क्षणभर काढून, चेहरा दिसेल असा. ३० सेकंदांचा सलग व्हिडिओ यापेक्षाही मोलाचा, कारण तो बनावट तयार करणे अवघड असते. ढग असले तरी फोटो घ्या. पायाखालचा खडक, बर्फाची घडण, धारेचा आकार यावरूनही पुढच्या संघाच्या फोटोशी ताडता येते. ढग हटायची वाट दहा-वीस मिनिटे पाहावी. त्याहून जास्त थांबून बोटे गमावण्यात अर्थ नाही.

कॅमेरा, फोन आणि घड्याळ यांची वेळ निघण्यापूर्वी जीपीएसच्या वेळेशी जुळवा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. एक कॅमेरा भारतीय वेळेवर आणि दुसरा नेपाळी वेळेवर राहिला, तर प्रामाणिक संघाचे फोटोसुद्धा एकमेकांना खोटे पाडतात. फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा, नाहीतर बरोबर माथ्यावर बंद पडतो. जीपीएस यंत्राला रिचार्ज न होणारे लिथियम सेल घाला. उतरल्यावर मूळ फाइल्स दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून वेळ आणि जागेची माहिती पुसली जाते आणि मग पुरावा म्हणून त्याला किंमत उरत नाही.

उंचीच्या आकड्यावर फार विसंबू नका. हवेच्या दाबावर चालणारे घड्याळ प्रमाण वातावरण, म्हणजे कोणत्या उंचीला किती दाब याचा ठरावीक तक्ता, धरून उंची काढते आणि हिमालयात प्रत्यक्ष दाब त्याहून जास्त असतो. १९८१ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर २५३ मिलिमीटर पारा इतका दाब मोजला गेला. प्रमाण वातावरणात त्या उंचीला तो २३६ असायला हवा. म्हणजे वाटेत कुठेही न जुळवलेले घड्याळ एव्हरेस्टच्या माथ्यावर ८,४०० मीटरच्याही खालचा आकडा दाखवेल. कोणी अशा घड्याळाचा ८,८४८ हा तंतोतंत आकडा पुरावा म्हणून आणला, तर मला उलट शंका येते. जीपीएसची आडवी चूक मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटर, उभी चूक त्याहून बरीच जास्त. त्यात काही यंत्रे समुद्रसपाटीऐवजी गणिती लंबगोलावरून, म्हणजे पृथ्वीच्या गणिताने ठरवलेल्या गुळगुळीत आकारावरून, उंची देतात. आपल्या मुंबई-पुणे पट्ट्यात या दोन्हींत ६० मीटरहून अधिक फरक पडतो. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर १,५८० च्या आसपास आकडा दिसला, तर यंत्र बिघडले असे नाही. माथ्यावर यंत्र उघड्यावर ठेवून पाच मिनिटे सरासरी घेऊ द्या आणि अक्षांश-रेखांशांचा फोटो काढा. वाटेची नोंद दर मिनिटाला असू द्या. मात्र ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, ती हाताने बदलता येते, आणि घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावरही वर जाऊ शकते. फोटो, वाटेची नोंद आणि साक्ष ही तिन्ही एकमेकांशी जुळली, तरच दावा उभा राहतो.

साक्षही त्याच दिवशी लिहून काढा. कॅम्पवर परतल्यावर प्रत्येकाने स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता, निघाल्याची, थांबल्याची, माथ्यावरची आणि परतीची वेळ लिहावी. थोडे फरक असणारच, आणि ते असावेत. चार माणसांची वेळ मिनिटापर्यंत जुळली, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. शेर्पांची साक्ष महत्त्वाची आहेच, पण माथा गाठल्यावर बोनस मिळत असल्याने त्यांच्यावर आणि एजन्सीवर दडपण असते, हे लक्षात ठेवा. मोहिमेबरोबर नेमलेला सरकारी संपर्क अधिकारी बेस कॅम्पवर असतो, माथ्यावर नाही. त्यामुळे प्रमाणपत्र म्हणजे कागद आहे, पुरावा नाही. २०१६ मध्ये पुणे पोलिस दलातल्या एका दांपत्याला एव्हरेस्टचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्यांचे फोटो दुसऱ्या एका भारतीय गिर्यारोहकाच्या फोटोंवरून बनवल्याचे उघड झाल्यावर नेपाळने ते रद्द करून दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढे त्यांची नोकरीही गेली. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांना तेव्हा काही काळ काठमांडूत मान खाली घालावी लागली, यात दोष त्या दोघांचाच नव्हता. बक्षीस, बढती आणि सत्कार माथ्याच्या फोटोला बांधणारेही त्यात होते.

खोटे दावे बहुधा कसे पडतात ते पाहा. फ्रेडरिक कुक यांनी १९०६ मध्ये अलास्कातले देनाली चढल्याचे सांगितले आणि माथ्यावरचा म्हणून एक फोटो छापला. १९१० मध्ये बेलमोर ब्राउन आणि हर्शेल पार्कर यांनी तीच जागा शोधून तिथून तोच फोटो काढला. देनालीपासून कितीतरी दूर, साधारण ५,३०० फुटांवरचे ते टेकाड निघाले. देनाली २०,३१० फूट. टोमो चेसन यांनी १९९० मध्ये ल्होत्सेची दक्षिण भिंत एकट्याने चढल्याचा दावा केला आणि त्यासोबत छापलेला एक फोटो दुसरेच गिर्यारोहक विकी ग्रोशेल यांचा निघाला. ख्रिस्टियान श्टांगल यांनी २०१० मध्ये के-२ चा दावा केला. फोटोतली पार्श्वभूमी माथ्याची नव्हती, आणि महिन्याभरात त्यांनी आपण माथ्यावर पोहोचलो नसल्याचे कबूल केले. कोरियाच्या ओह उन-सन यांच्या २००९ च्या कांचनजंगा चढाईच्या फोटोत पायाखाली उघडा खडक होता, तर इतरांच्या फोटोत तिथे बर्फ. २०१० मध्ये कोरियाच्याच गिर्यारोहण संघटनेने त्या बहुधा पोहोचल्या नसाव्यात असा निष्कर्ष काढला. नुसत्या घाईघाईच्या संशयाने यांतला एकही दावा पडला नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी त्या जागेवर गेले किंवा फोटोतली खूण दुसऱ्या फोटोशी ताडून पाहिली.

मायेस्त्रींच्या आधीच्या, १९५९ च्या दाव्याचेही तसेच. त्यांचे सहकारी टोनी एगर उतरताना हिमलोटात गेले आणि कॅमेरा त्यांच्याबरोबरच गेला. पुढे त्या वाटेने गेलेल्यांना खालच्या भागात, त्रिकोणी हिमपट्ट्यापर्यंत, दोर आणि मेखा सापडल्या. त्याच्या वर काहीच नाही. २००५ मध्ये साल्वातेरा, बेल्त्रामी आणि गारिबोत्ती त्या बाजूने माथ्यापर्यंत गेले. मायेस्त्रींच्या वर्णनाशी प्रत्यक्ष जागा जुळत नव्हती. साल्वातेरा अनेक वर्षे मायेस्त्रींवर विश्वास ठेवून होते, हे विशेष.

पण शंका घेणारेही चुकतात, आणि ते विसरले की मग उंटावरून शेळ्या हाकणे सुरू होते. २५ मे १९६० च्या पहाटे तीन चिनी गिर्यारोहक उत्तरेकडून एव्हरेस्टवर पोहोचले. अंधारात फोटो निघाला नाही, वृत्तांतात राजकीय घोषणाच जास्त, म्हणून पश्चिमेत बरीच वर्षे तो दावा हसण्यावारी नेला गेला. नंतर तो मान्य झाला. देनालीवर १९१० मध्ये खाणकामगारांच्या एका टोळीतले दोघे उत्तर शिखरावर गेले आणि सुमारे १४ फुटांचा खांब रोवून आले. टोळीच्या म्होरक्याने मात्र सगळे दोन्ही शिखरांवर गेल्याचे सांगितले, त्यामुळे खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवला नाही. १९१३ मध्ये मुख्य माथ्याकडे जाणाऱ्या संघातल्या वॉल्टर हार्परला तो खांब दुरून दिसला, तेव्हा कुठे त्यांना न्याय मिळाला. हेरमान बुल यांनी १९५३ मध्ये नंगा पर्वतच्या माथ्यावर ठेवलेली आइस ॲक्स १९९९ मध्ये सापडली. आणि युली श्टेक यांची २०१३ ची अन्नपूर्णा दक्षिण भिंत? कॅमेरा हिमलोटात गेला, फोटो नाही, वाटेची नोंद नाही. ती 'वादग्रस्त' म्हणूनच लिहावी लागते. 'खोटी' म्हणायला जेवढा आधार हवा तेवढा नाही, 'सिद्ध' म्हणायलाही नाही.

हीच पद्धत दुसऱ्या संस्थेच्या दाव्याला लावा. काठमांडूत १९६० पासून राहिलेल्या पत्रकार एलिझाबेथ हॉली स्वतः कधीच शिखर चढल्या नाहीत, तरी अनेक दशके प्रत्येक मोहिमेला बारीक प्रश्न विचारून नोंद ठेवत, आणि शंका असेल तिथे 'वादग्रस्त' असा शेरा लावत. तुम्हीही पत्र लिहा. 'तुम्ही खोटे बोलता' असे नाही, तर: शेवटच्या कॅम्पवरून किती वाजता निघालात? माथ्याआधीचा शेवटचा टप्पा कोणत्या अंगाने? माथ्यावरून पश्चिमेला काय दिसले? फोटो क्रमांक ३ मधले उजवीकडचे टेकाड कोणते? मूळ फाइल पाहायला मिळेल का? तीन-चार आठवडे द्या. तुमचे फोटो आणि अक्षांश-रेखांश त्यांना त्याच पत्रात पाठवा, मागणी एकतर्फी नको. विरळ हवेत माणूस प्रामाणिकपणे चुकतो. ते अलीकडच्या टेकाडाला माथा समजले असतील, तर नोंद दुरुस्त करायची वाट त्यांना मोकळी राहू द्या. उत्तर आले नाही, तर इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनला आणि हिमालयन जर्नलच्या संपादकांना फोटोंची तुलना, निष्कर्षाशिवाय, पाठवा. समाजमाध्यमावर आधी टाकले की समोरचा बचावाला उभा राहतो आणि फाइल कधीच मिळत नाही.

आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरे सर्वांत आधी चढल्याचा मान असलेले राइनहोल्ड मेसनर यांच्या बाबतीत काय झाले ते तुमच्या १५ मीटरशी ताडून पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये ते अन्नपूर्णाच्या लांबच लांब धारेवर सर्वोच्च बिंदूपासून साधारण ६५ मीटर अलीकडे आणि ५ मीटर खाली थांबले, असे चढायांच्या नोंदी तपासणारे एबरहार्ड युर्गाल्स्की यांनी फोटोंवरून काढले, आणि २०२३ मध्ये गिनीज बुकाने चौदा शिखरांचा पहिला मान अमेरिकन गिर्यारोहक एड व्हीस्टर्स यांना दिला. व्हीस्टर्स यांनी तो घेतला नाही, पहिले मेसनरच असे सांगितले. हेच व्हीस्टर्स १९९३ मध्ये शिशापांग्माच्या मधल्या शिखरावरून परतले होते आणि २००१ मध्ये मुख्य माथ्यासाठी पुन्हा गेले. स्वतःला पट्टी कडक, दुसऱ्याला सैल. माझ्या मते तक्ता दुरुस्त व्हावा, पण तेव्हा त्या धारेचा सर्वोच्च बिंदू कोणालाच नीट ठाऊक नव्हता, म्हणून मेसनरना खोटे ठरवणे चूक. मोजणी सुधारली म्हणून जुना माणूस लबाड ठरत नाही.

सह्याद्रीतल्या सुळक्यांवर 'प्रथम आरोहण' लिहितानाही हात थोडा आखडता घ्या. लिंगाण्यावर खडकात कोरलेली टाकी आणि गुहा आहेत. तिथे माणसे राहत होती, तर आपले पहिले आरोहण म्हणजे दोर-मेखांचे पहिले नोंदवलेले आरोहण, इतकेच. वरती शेंदूर लावलेला दगड, गंजलेली मेख किंवा जुना दोर दिसला तर आधी त्याचा फोटो काढा, मग गावात विचारा. गावकऱ्याने अनवाणी केलेली चढाई आपल्या यादीत नाही, म्हणून झालीच नाही असे नसते.

तुमच्या अहवालाच्या शेवटी तुम्ही थांबलात त्या जागेचे अक्षांश-रेखांश, कॉर्निस कोणत्या अंगाला होता, आणि पुढच्या १५ मीटरचा फोटो द्या. दुसऱ्या संस्थेचे उत्तर येईपर्यंत त्या शिखराच्या चढायांच्या यादीत त्यांच्या नावापुढे काही लिहू नका. तुमच्या नावापुढे मात्र लिहा: माथ्याच्या १५ मीटर अलीकडे.